खिशातले संगीत आणि बॅटरीचे आयुष्य

गाणे ऐकावयाचे तर गाणाऱ्यासमोर जाऊन बसावे लागे, हा काळ फार जुना नाही. ग्रामोफोनने गाणाऱ्याला घरी आणले, रेडिओने त्याला खेडोपाडी पोहोचविले आणि गेल्या पाऊणशे वर्षांत तो माणसाच्या खिशात येऊन राहिला. ह्या प्रवासाची कथा सांगताना ध्वनिमुद्रणाच्या शोधांची, मोठमोठ्या कंपन्यांची व त्यांच्या कल्पक चालकांची नावे आवर्जून घेतली जातात. परंतु जिच्यावाचून हे संगीत घराबाहेर एक पाऊलही चालू शकले नसते, आणि जिने त्याला वाटेत वारंवार अडविलेही, त्या बॅटरीचे नाव सहसा कोणी घेत नाही. ती उतरली म्हणजेच तिची आठवण होते. आजच्या भाषणाचा विषय ही बॅटरी, आणि तिच्यापायी २००३ साली अमेरिकेत गिऱ्हाईक व कारखानदार यांच्यात उभा राहिलेला एक तंटा, हा आहे.

बॅटरीचा जन्म १८०० सालचा. इटलीतील अलेस्सांद्रो व्होल्टा ह्या शास्त्रज्ञाने धातूंच्या दोन प्रकारच्या चकत्या आणि खारट पाण्यात भिजविलेले पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक रचून वीज निर्माण केली व त्याची हकीगत लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्राने कळविली. पुढे १८६६ मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज लक्लांशे याने जस्त, मँगनीज डायऑक्साइड आणि नवसागराचे पाणी यांचा घट तयार केला. तो काचेच्या बरणीत असे. कलंडला की सांडे. बरणी खिशात घालून कोणी फिरत नाही. १८८६ च्या सुमारास जर्मनीच्या कार्ल गास्नर याने नवसागराचे पाणी प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये जिरवून जस्ताच्या डबीत बंद केले. टॉर्चमध्ये घालावयाचा जो सेल आपण सारे लहानपणापासून ओळखतो, त्याचा हा मूळपुरुष. आडवा करा, उलटा करा, तो वीज देत राहतो. वाहून नेता येण्याजोग्या प्रत्येक यंत्राचा पाया येथे घातला गेला.

तथापि ह्या सेलवर रेडिओ चालविणे सोपे नव्हते. जुन्या रेडिओत व्हॉल्व्ह असत, आणि व्हॉल्व्ह म्हणजे विजेचा खवय्या. त्याच्या आतील तार तापविण्यासाठी कमी दाबाची एक बॅटरी लागे आणि ध्वनी वाढविण्यासाठी नव्वद व्होल्टची दुसरी. ही दुसरी बॅटरी विटेएवढी मोठी व वजनदार असे. ज्या गावात वीज नव्हती तेथील रेडिओ याच जोडीवर चाले. जेथे पाण्याची बॅटरी वापरीत तेथे ती चार्ज करण्यासाठी वीज असलेल्या गावी न्यावी लागे, आणि ती परत येईपर्यंत रेडिओ मुका होऊन बसे. अशा घरात रेडिओ लावणे हा हिशेबाचा विषय असे. बातम्या व बाजारभाव झाले की बटण बंद.

डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन व वॉल्टर ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखविला. ह्या कामाबद्दल १९५६ चे नोबेल पारितोषिक विल्यम शॉक्ली यांच्यासह तिघांना विभागून मिळाले. ट्रान्झिस्टरला तापविण्याची गरज नाही आणि त्याची भूक अगदी थोडी. ऑक्टोबर १९५४ मध्ये ‘रीजन्सी टीआर–१’ हा खिशात मावणारा रेडिओ अमेरिकेत जाहीर झाला. त्यात चार ट्रान्झिस्टर होते. किंमत ४९ डॉलर ९५ सेंट, आणि आत त्या काळी श्रवणयंत्रांत वापरीत तशा जातीची साडेबावीस व्होल्टची एक लहानशी बॅटरी. ती वीस तासांहून थोडी अधिक टिके. आज हा आकडा क्षुल्लक वाटेल. पण व्हॉल्व्हच्या पोर्टेबल रेडिओचे सेल किती भराभर संपत हे ज्यांना ठाऊक होते, त्यांना ही प्रगती डोळ्यांत भरण्यासारखीच होती. जपानच्या सोनी कंपनीने १९५७ मध्ये आपला ‘टीआर–६३’ बाजारात आणला. तो ‘खिशात मावणारा’ म्हणून जाहीर झाला खरा, परंतु सदऱ्याच्या नेहमीच्या खिशापेक्षा तो किंचित मोठा होता. तेव्हा कंपनीने आपल्या विक्रेत्यांसाठी थोड्या मोठ्या खिशाचे सदरेच शिवून घेतले, अशी कथा सांगतात. यंत्र लहान होत नसेल तर खिसा मोठा करावा, ही युक्ती त्या धंद्याच्या स्वभावाशी जुळणारी आहे.

आपल्याकडे ट्रान्झिस्टर ह्या शब्दाचा अर्थच ‘सेलवर चालणारा रेडिओ’ असा झाला. लग्नात मिळालेला ट्रान्झिस्टर, शेताच्या बांधावर ठेवलेला ट्रान्झिस्टर, क्रिकेटच्या दिवसांत कानाला लावलेला ट्रान्झिस्टर, ही चित्रे बडोद्यापासून बेळगावपर्यंत सर्वांच्या ओळखीची. सेल उतरले म्हणजे आवाज बसल्यासारखा, नाकातून आल्यासारखा होई. मग घरातील कोणी तरी ते सेल काढून अंगणात उन्हात ठेवी. ह्या उपायास काही लोक हसत. पण तो निव्वळ भाबडेपणा नव्हता. सेल वापरताना आत जे पदार्थ तयार होतात ते कार्बनच्या कांडीभोवतीच्या काळ्या मसाल्यात साचून प्रवाहाला अडथळा करतात. विश्रांती आणि ऊब मिळाली की ते थोडेफार पसरतात, रासायनिक क्रियेस जरा वेग येतो, आणि सेल आणखी एखादी संध्याकाळ काढतो. कोणी त्याहून पुढे जाई व लहान सेलांऐवजी टॉर्चचे मोठे सेल पुठ्ठ्यात गुंडाळून, बाहेरून तारा जोडून, दोरीने रेडिओच्या पाठीस बांधी. दिसावयास ओंगळ, पण चालावयास उत्तम! ह्या साऱ्या खटाटोपात एक गोष्ट गृहीत धरलेली होती. यंत्राच्या पाठीवरील झाकण गिऱ्हाइकाच्या अंगठ्याने उघडत असे, आणि आत काय आहे हे शाळकरी मुलासही दिसत असे.

१ जुलै १९७९ रोजी सोनीने जपानात ‘वॉकमन’ विक्रीस ठेवला. किंमत ३३,००० येन. तो कॅसेट वाजवी, पण कॅसेटवर काही उतरवून घेऊ शकत नसे. असले अपुरे यंत्र घेणार कोण, अशी शंका खुद्द कंपनीतच होती. पहिल्या महिन्यात विक्री यथातथाच झाली. ऑगस्ट संपेपर्यंत मात्र पहिली ३०,००० यंत्रे संपली. वॉकमनमध्ये दोन पेन्सिल-सेल बसत. प्रवासात ते संपले तर स्टेशनवरच्या दुकानातही मिळत. १९८४ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क वाजविणारे पहिले लहान यंत्र निघाले, तेव्हा डिस्क फिरविणारी मोटर आणि तिच्यावर प्रकाशकिरण धरणारी योजना यांची भूक इतकी मोठी होती की बॅटऱ्यांसाठी यंत्रास वेगळी पेटी जोडावी लागे. पण तीत बसणारे सेलही बाजारात कोठेही मिळणारेच होते.

येथवर कथा सरळ चालली. वळण आले ते लिथियमने.

लिथियम हा सर्वांत हलका धातू. त्याच्या आधारे थोड्या वजनात पुष्कळ वीज साठविता येते. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी १९७० च्या दशकात त्याची वाट दाखविली, जॉन गुडइनफ यांनी १९८० मध्ये ऑक्सफर्ड येथे कोबाल्टयुक्त संयुगाचा उपयोग सिद्ध केला, आणि १९८५ मध्ये जपानच्या अकिरा योशिनो यांनी व्यवहारात सुरक्षित ठरेल असा घट बनविला. १९९१ मध्ये सोनीने तो बाजारात आणला. ह्या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा गुडइनफ यांचे वय ९७ होते. इतक्या उतारवयात तो मान पूर्वी कोणासही मिळाला नव्हता. लिथियमचा घट पुन्हापुन्हा चार्ज करता येतो व कागदाच्या पाकिटासारखा सपाटही करता येतो. मात्र त्याला दोन खोडी आहेत. एक अशी की तो भोसकला, दाबला किंवा भलत्या रीतीने चार्ज केला तर पेट घेऊ शकतो. म्हणून तो पेन्सिल-सेलासारखा दुकानात सुटा विकणे धोक्याचे. दुसरी खोड अशी की तो न वापरताही म्हातारा होतो. त्यातील ग्राफाइटवर एक पातळ साय धरते. ती साय आवश्यकच असते, परंतु दर खेपेस ती थोडी जाड होते आणि तितके लिथियम कायमचे अडकून पडते. उष्णतेने ही क्रिया झपाट्याने होते. तीनशे ते पाचशे वेळा पूर्ण भरून रिता केला की त्याची धारणशक्ती साधारणतः ऐंशी टक्क्यांवर उतरते आणि पुढे उतरतच जाते. रोज एकदा चार्ज करणाऱ्याने अठरा महिन्यांचा हिशेब करावा: साडेपाचशेच्या आसपास खेपा होतात. हा अठरा महिन्यांचा आकडा ध्यानात ठेवावा. पुढे तो पुन्हा येणार आहे.

१९९८ मध्ये संगणकावरील गाणी साठवून वाजविणारी पहिली यंत्रे निघाली. त्यांपैकी ‘रिओ’ नावाचे अमेरिकी यंत्र एकाच पेन्सिल-सेलावर चाले. २००० साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने हार्ड डिस्क बसविलेले मोठे यंत्र काढले. त्यात चार्ज करण्याजोगे चार पेन्सिल-सेल होते आणि ते चारेक तासांत मान टाकीत. लोक कुरकुर करीत, पण खिशात दुसरे चार सेल बाळगीत. २३ ऑक्टोबर २००१ रोजी ॲपल कंपनीने ‘आयपॉड’ पुढे आणला. किंमत ३९९ डॉलर, वजन १८५ ग्रॅम, आत तोशिबाने बनविलेली पाच गिगाबाइटची चिमुकली हार्ड डिस्क, हजार गाणी, आणि एका चार्जिंगमध्ये दहा तास वादन. हे दहा तास साधण्यामागची योजना मोठी चतुर होती. डिस्क सतत फिरली तर बॅटरी पाहतापाहता संपेल. म्हणून यंत्र पुढील सुमारे वीस मिनिटांची गाणी एकदम वाचून आपल्या स्मृतीत घेई व डिस्कला झोपवून टाकी. ती स्मृती रिकामी होत आली की डिस्क पुन्हा क्षणभर जागी होई. जो श्रोता गाणी क्रमाने ऐके त्याची बॅटरी पुरे. जो दर अर्ध्या मिनिटाला ‘पुढचे, पुढचे’ करी, त्याच्या यंत्रातील डिस्कला डुलकी मिळत नसे आणि दहा तासांचे वचन त्याला फसवे वाटे. शिवाय हे यंत्र आपण बंद केले असे वाटे तेव्हाही खरोखर झोपलेलेच असे, आणि झोपेतही थोडी वीज खाई. एप्रिल २००३ मध्ये निघालेल्या तिसऱ्या पिढीच्या आयपॉडमध्ये, ते अधिक सडपातळ करण्याच्या नादात, बॅटरी लहान झाली व दहा तासांचे आठ झाले.

आयपॉडची पाठ चकचकीत पोलादाची होती. तीत आरशासारखे तोंड दिसे. पण तीवर झाकण नव्हते आणि एक स्क्रूही नव्हता.

पहिल्या यंत्रांना दीड-दोन वर्षे होताच तक्रारी सुरू झाल्या. सकाळी भरलेली बॅटरी दुपारी उतरू लागली, मग तासाभरात. न्यूयॉर्कमधील केसी आणि व्हॅन नाइस्टॅट हे दोघे भाऊ लहान चित्रपट बनवीत. त्यांपैकी केसीचा आयपॉड अठरा महिन्यांत निकामी झाला. त्याने कंपनीच्या मदतकेंद्राला फोन केला. तेथून त्याला सांगण्यात आले की वॉरंटी संपलेली आहे, दुरुस्तीस २५५ डॉलर व वर टपालखर्च पडेल, आणि इतके पैसे द्यावयाचे तर नवा आयपॉड घेतलेलाच बरा. त्या सुमारास सर्वांत स्वस्त नवा आयपॉड २९९ डॉलरला मिळत होता. बोलणारा सेवक उर्मट नव्हता. तो आपल्यापुढील नियम वाचून दाखवीत होता, इतकेच. पण सौम्य आवाजात दिलेला असा सल्ला ऐकताना गिऱ्हाइकास जे वाटते, ते भांडण करणाऱ्या दुकानदारापुढेही वाटत नाही. एका घटाचे आयुष्य संपले म्हणून सबंध यंत्र टाकून द्यावे, आणि हे सांगणारा माणूस त्याच यंत्राचा विक्रेता असावा!

दोघा भावांनी ह्या संभाषणावर जेमतेम तीन मिनिटांचा एक चित्रपट केला. शहराच्या भिंतींवर आयपॉडच्या रंगीत जाहिराती लागलेल्या होत्या. त्यांनी पुठ्ठ्याचा साचा कापला, तो प्रत्येक जाहिरातीवर धरला आणि रंगाचा फवारा मारून एवढेच लिहिले की ह्या यंत्राची न बदलता येणारी बॅटरी फक्त अठरा महिने टिकते. दुसऱ्याच्या भिंतीवर रंग फासणे योग्य की अयोग्य, हा प्रश्न येथे बाजूस ठेवू. नोव्हेंबर २००३ मध्ये तो चित्रपट इंटरनेटवर आला आणि लाखो लोकांनी पाहिला. वर्ष संपण्याच्या आत वॉशिंग्टन पोस्टसारख्या वृत्तपत्राने त्याची दखल घेतली. त्याच नोव्हेंबरात कंपनीने ९९ डॉलरमध्ये बॅटरी बदलून देण्याची योजना आणि ५९ डॉलरमध्ये वॉरंटीची मुदत वाढविण्याची सोय जाहीर केली. ही योजना आधीपासूनच तयार होत होती, चित्रपटाशी तिचा संबंध नाही, असे कंपनीचे म्हणणे पडले. ते खरेही असेल. पण योजना मनात असून दारी आलेल्या गिऱ्हाइकास ती सांगितली जात नसेल, तर त्याच्या लेखी ती नसल्यासारखीच.

इतक्यावर प्रकरण मिटले नाही. कॅलिफोर्नियात अनेक गिऱ्हाइकांच्या वतीने सामुदायिक दावे दाखल झाले. वादींचा रोख बॅटरीच्या म्हातारपणावर तितकासा नव्हता, जितका जाहिरातीवर होता. दहा तास, आठ तास हे आकडे ठळकपणे छापले. ते किती महिने खरे राहतील, हे गिऱ्हाइकाने कसे ओळखावे? कंपनीने आरोप नाकारले. २००५ मध्ये तडजोड झाली. पहिल्या तीन पिढ्यांची यंत्रे घेणाऱ्या व बॅटरीचा त्रास सिद्ध करणाऱ्यांना पन्नास डॉलरच्या खरेदीची सवलत किंवा वाढीव वॉरंटी, अशा स्वरूपाची भरपाई ठरली. बॅटरी बदलण्याची फीही पुढे ९९ वरून ५९ डॉलरवर आली.

कारखानदाराची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. झाकण, त्याची बिजागरी, सेलांचे खण व स्प्रिंगा यांना जागा लागते. ती काढून टाकली तर यंत्र सडपातळ होते आणि तेवढ्याच जागेत मोठी बॅटरी मावते. ज्यांनी जुन्या ट्रान्झिस्टरमध्ये फुटलेल्या सेलाचे पांढरेहिरवे पाणी आणि गंजलेल्या पट्ट्या पाहिल्या आहेत, त्यांना बंद पेटीचा फायदा समजावून सांगावयास नको. लिथियमचा मऊ घट स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने भोसकला गेला तर काय होईल, ही भीतीही खोटी नव्हती. परंतु ह्या सर्व कारणांवरून बॅटरी जाणत्या माणसाने बदलावी एवढेच सिद्ध होते. ती बदलण्याची सोयच नसावी, किंवा असलीच तर नव्या यंत्राच्या किमतीची असावी, हे त्यांवरून निघत नाही. बाहेरच्या व्यापाऱ्यांनी लगोलग सुट्या बॅटऱ्या व पोलादी पाठ उचकटण्याची प्लास्टिकची पाती विकावयास काढली. २००३ मध्येच कॅलिफोर्नियातील दोघा विद्यार्थ्यांनी ‘आयफिक्सिट’ हा दुरुस्तीची माहिती फुकट पुरविणारा व्यवसाय सुरू केला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काउंटरपाशी भिंग डोळ्याला लावून बसणाऱ्या कारागिरास हे ज्ञान कोणाच्या पुस्तकातून घ्यावे लागले नसते. वस्तू उघडत नाही हे त्याला मान्यच नसते.

बॅटरीचा आणखी एक प्रताप पुढे दिसला. सप्टेंबर २००५ ते डिसेंबर २००६ या काळात विकल्या गेलेल्या पहिल्या ‘आयपॉड नॅनो’पैकी काहींच्या बॅटऱ्या फार तापत. जपानात २००८ पासून असे प्रकार सरकारदरबारी नोंदले गेले. नोव्हेंबर २०११ मध्ये कंपनीने त्या जातीची यंत्रे जगभरातून परत मागविली व बदली यंत्रे विनामूल्य दिली. विक्री थांबून तोवर पाच वर्षे होत आली होती.

आता आयपॉडही इतिहासजमा झाला. १० मे २०२२ रोजी कंपनीने शिल्लक साठा संपताच त्याची विक्री बंद होईल असे जाहीर केले. संगीत तोवर फोनमध्ये जाऊन बसले होते, आणि बंद पाठीची चालही त्याच्याबरोबर फोनमध्ये गेली. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली व त्याच वर्षीच्या २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहकदिनी, त्या विषयाचे संकेतस्थळ सुरू केले. युरोपीय संघाने २०२३ मध्ये बॅटरीविषयक नवा कायदा केला. त्यान्वये १८ फेब्रुवारी २०२७ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांतील लहान बॅटऱ्या, काही अपवाद वगळता, वापरणाऱ्याला स्वतः, बाजारात मिळणाऱ्या साध्या हत्यारांनी काढता व बदलता आल्या पाहिजेत.

जुन्या आयपॉडांचे शौकीन मात्र कायद्यासाठी थांबलेले नाहीत. ते गिटार वाजविण्याची पातळ नखी पोलादी पाठीच्या फटीत सरकवून पेटी उघडतात, खरखरणारी हार्ड डिस्क काढून तिच्या जागी स्मृतीचे लहान कार्ड बसवितात, आणि डिस्क गेल्याने मोकळ्या झालेल्या जागेत पूर्वीपेक्षा मोठी बॅटरी घालतात. मग पाठ पुन्हा दाबून बसविली की तेच यंत्र नवे होते त्याहून अधिक वेळ गाते.